बत्तीसशे रुपयांचा जानेवारी

वच्छला आमच्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली त्याला आता सहा-सात वर्षं झाली. अमरावतीत शेगाव नाक्याच्या मागच्या बाजूला माझं घर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी निवृत्त झाले, घरात एकटीच, म्हणून भाडेकरू ठेवले. तिचा नवरा योगेश लोटगाडीवर भाजी विकतो. सकाळी मार्केटमधून माल उचलायचा, दुपारपर्यंत कॉलन्यांमधून फिरायचं आणि संध्याकाळी नाक्यावर उभं राहायचं, हा त्याचा दिवस. माळ्याचं घर. परतवाड्याजवळच्या खेड्यात दोन एकर बागायत आहे, ती त्याची आई लीलाबाई आणि थोरला भाऊ बघतात. वच्छला घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. मुलगी एकच, वर्षाली. मी सांगते आहे त्या जानेवारीत ती नऊ वर्षांची होती.

वर्षालीला कानानं कमी ऐकू येतं, हे मला त्यांनी राहायला आल्यावर वर्षभरानं सांगितलं. चार वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात दोन्ही कान गेले. अगदी पूर्ण नाही. समोर उभं राहून बोललं की तोंडाकडे बघून तिला समजायचं आणि बोलायचीही बऱ्यापैकी. पण मागून हाक मारली की काही नाही. शिबिरात मिळालेलं कानाचं एक मशीन होतं, तेही मागच्या पावसाळ्यात बंद पडलं. शाळेत बाईंना माहीत होतं, मला माहीत होतं, घराबाहेर बाकी कोणालाच नाही. लीलाबाईंनी सुनेला बजावून ठेवलं होतं, नात्यात कोणाला कळता कामा नये. योगेशच्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. पाहुणे आले की वर्षाली आपली अभ्यासाला माझ्याकडे यायची.

त्या जानेवारीच्या आधीच्या मार्चमध्ये कान तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कानांना नवी मशीनं लावा, आणखी उशीर केला तर बोलणंही मागे पडेल. जोडीचे शेहेचाळीस हजार. वच्छला घरी आली आणि माझ्या ओट्यावर बसली.

"मॅडम, भाडं कमी होत नाई, शाळा बंद करता येत नाई, गाडीचा माल घेतल्याबिगर धंदा होत नाई. राह्यला किराना. त्याच्यातूनच निघन काय ते."

योगेश महिन्याला किराणा आणि दुधासाठी एकावन्नशे रुपये देत असे. वच्छलानं ठरवलं, बत्तीसशेत भागवायचं. उरलेले एकोणीसशे आणि तिचे शिवणाचे, असे बाजूला टाकायचे. धान्य रेशनचं, भाजी गाडीवर उरलेली. तरी तेल, डाळ, साखर, चहा, दाणे, साबण आणि रोजचं अर्धा लिटर दूध बत्तीसशेत बसवणं म्हणजे काय, ते मी शेजारी राहून पाहिलं आहे. तेलाच्या बाटलीवर तिनं पेनानं रेघा मारल्या होत्या, पाच तारखेला इथपर्यंत, दहा तारखेला इथपर्यंत. दुकानात उधारीची वही ठेवली नाही. एकदा तेल अचानक महाग झालं तेव्हा गल्ल्यावर पोचलेली साखर तिनं परत ठेवली. तो महिना त्यांच्याकडे चहा गुळाचा झाला. मी एकदा म्हटलं, कमी पडले तर माझ्याकडून घे.

"तुमी द्यान मॅडम," ती म्हणाली, "पन मंग पुढच्या महिन्यात मले ते फेडा लागन. तो महिना असाच मोडन. अन् त्याच्या पुढचाबी."

मार्च ते डिसेंबर, दहा महिने तिनं एकदाही रेघ ओलांडली नाही. एकोणीस हजार किराण्यातले आणि सोळा हजार शिवणाचे, असे पस्तीस हजार जमले. आणि डिसेंबरच्या शेवटी डॉक्टरांकडून फोन आला. कंपनीची सवलत आहे, एकतीस जानेवारीपर्यंत जोडी अडतीस हजारांत, त्यानंतर पुन्हा शेहेचाळीस.

म्हणजे राहिले तीन हजार. एकोणीसशे किराण्यातून आणि अकराशे शिवणाचे. एकच महिना. वच्छलानं त्या आठवड्यात माझ्याकडची दिनदर्शिका दोनदा येऊन पाहिली.

चार जानेवारीला दुपारी फाटकापाशी ऑटो थांबला आणि योगेशची बहीण रागिणी बॅग घेऊन उतरली. ती अकोल्याला दिलेली. सहावा महिना चालू होता, पहिलटकरीण. नवरा श्याम कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, हंगामात दोन-दोन पाळ्या, सासू गावाकडे, त्यामुळे घरात दुसरं बाईमाणूस नाही. तपासणीत रक्त फार कमी निघालं होतं. खेड्यात आईकडे जावं तर जवळ दवाखाना नाही, म्हणून भावाकडे आली.

"महिनाभर राहीन म्हनते वयनी. चालन ना?"

"काहून नाई चालन ताई," वच्छला म्हणाली. "तुमचंच घर हाये."

तिनं बॅग हातातून घेतली आणि हसली. मी तिच्याकडे बघत होते. हसणं खोटं नव्हतं, पण डोळे कुठेतरी दुसरीकडे गेले होते.

दवाखान्यातून कागद मिळाला. दूध, हिरव्या भाज्या, गूळ-दाणे, डाळ, दोन वेळा पोटभर. भाजीचा प्रश्न नव्हता, योगेश पालक-मेथीच्या जुड्या न विकता घरी आणू लागला. प्रश्न बाकीचा होता. वच्छलानं दूध वाढवलं नाही. अर्धा लिटर होतं तेच सगळं रागिणीला देऊ लागली. वर्षालीचा पेला बंद झाला, दोघा नवराबायकोंचा चहा कोरा झाला. दाण्यांचा डबा तिनं वरच्या फळीवर ठेवला आणि रोज मूठभर काढून रागिणीच्या हातावर ठेवायची. डाळ तिघांपुरतीच शिजायची. ती आधी रागिणीला, मग मुलीला, मग नवऱ्याला. स्वतःसाठी राहिली नाही की सांगायची, आज उपास आहे. सोमवार झाला, गुरुवार झाला, चतुर्थी झाली, शनिवारही झाला.

योगेशला दिसत होतं. एकदा अंगणात तो तिला हळू आवाजात म्हणाला, "सांगून टाक रागिणीले. बहीन हाये ते माही."

"मायनं हो म्हनल्याबिगर मी नाई सांगत. तुमी सांगा तुमच्या तोंडानं."

त्यानंही सांगितलं नाही. आईपुढे त्याची कधी जीभ उचलली नाही.

रागिणी वाईट मुलगी नव्हती. पण भूक लागलेली बाई घरात बसून सगळं बघते. तिला दिसलं, डाळ पातळ होत चालली आहे. दाणे हाताला लागणार नाहीत असे वर ठेवले आहेत. बाटलीवर रेघा आहेत आणि वयनी रोज त्या रेघा बघते. संक्रांतीला तिनं हौसेनं विचारलं, वाण काय लुटायचं, तर वच्छला म्हणाली यंदा हळदीकुंकू करत नाही. आणि भाची तिच्याकडे लक्षच देत नाही. ओट्यावर पाठमोऱ्या बसलेल्या वर्षालीला तिनं तीनदा हाक मारली, पाणी दे म्हणून. मुलगी हलली नाही. रागिणी उठली आणि तिच्या पाठीत एक धपाटा घातला. वर्षाली दचकून वळली, रडली नाही, नुसती बघत राहिली. मी खिडकीतून पाहिलं. वच्छलानंही दारातून पाहिलं. ती मुलीला घेऊन माझ्याकडे आली, पाढे घ्या म्हणाली आणि निघून गेली.

एकोणीस तारखेला दुपारी वच्छला तयार साड्या द्यायला गेली होती. रागिणीला भूक आवरली नसावी. योगेशनं मेथी आणली होतीच, तिनं बेसन कालवलं आणि भजी तळली. वर्षालीलाही ताटलीत दिली. वच्छला परतली तेव्हा शेवटचा घाणा कढईत होता. माझं आणि त्यांचं स्वयंपाकघर समोरासमोर आहे, त्यामुळे पुढचं मी ऐकलं.

"ताई, किती तेल घेतलं वो?"

"काहून?"

"नाई, असंच विचारून राहिली."

"असंच नाई विचारत तुमी." रागिणीचा आवाज चढला. "बाटलीवर रेघा ओढून ठेवल्या, त्या मी पायल्या नाई काय? पंधरा दिस झाले, दूध मोजून, दाने मोजून. मी काय फुकट खाले आली काय अथी? पोटातल्याचाबी हिशोब लावून राहिल्या तुमी."

"तसं नाई ताई."

"मंग कसं? सांगा ना."

झारा कढईवर आपटला, रागिणीच पुढे बोलली.

"अन् हे पोट्टी. चार हाका मारा, पलटून पायत नाई. तुमीच शिकवलं असन, आत्याकडे ध्यान देऊ नोको म्हनून."

"तिले मधात आनू नोका," वच्छला म्हणाली. एवढंच म्हणाली. गॅस बंद केल्याचा आवाज आला.

तासाभरानं सार्वजनिक नळाला पाणी आलं. वच्छला घागर घेऊन गेली. मी पडल्या पडल्या फाटकाची कडी ऐकली, पण उठले नाही. उठायला हवं होतं. थोड्या वेळानं वच्छला माझ्या दारात उभी राहिली, हात ओले, घागर तशीच नळावर सोडलेली.

"मॅडम, ताई गेल्या. बॅग नाई. फोन बंद करून ठेवला. तुमची गाडी काढता काय?"

वर्षालीला शेजारी सोडलं आणि मी स्कूटी काढली. बासष्ट वर्षांत मी कधी एवढ्या वेगानं गाडी चालवली नव्हती. मागे बसलेल्या वच्छलाचा हात माझ्या खांद्यावर घट्ट होता. सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "आठ पॉइंट रक्त हाये त्याईचं. उन्हात चक्कर आली तर कोन पायन?"

बसस्थानकात अकोल्याची गाडी फलाटाला लागलेली. वच्छला आत चढली, एकेक बाक बघत मागच्या दारानं उतरली. नव्हती. चौकशीच्या खिडकीवर कळलं की त्याआधीची अकोला गाडी वीस मिनिटांपूर्वी सुटली. वच्छला तिथेच भिंतीला टेकली. मी म्हटलं, आईकडे निघाली असेल तर? आम्ही परतवाड्याच्या फलाटाकडे धावलो.

रागिणी सिमेंटच्या बाकावर बसली होती, बॅगेवर डोकं टाकून. शेजारची एक म्हातारी तिला पदरानं वारा घालत होती. चेहरा पांढरा पडलेला, ओठ कोरडे. वच्छलानं मांडीवर तिचं डोकं घेतलं, पाणी पाजलं, मग उठून स्टॉलवरून गरम दूध आणलं आणि तीन केळी घेतली. पैसे तिनं न मोजता दिले, उरलेले परत घ्यायचंही विसरली. स्टॉलवाल्यानं हाक मारून दिले.

दोन केळी खाल्ल्यावर रागिणीचे डोळे जरा उघडले. ती वच्छलाकडे बघेना.

"ताई, वर्षालीले आयकू येत नाई," वच्छला म्हणाली.

"काय?"

"मांगून हाक मारली का तिले आयकू येत नाई. चार वर्साची असतानी ताप आल्ता, तवापासून. मशीन घ्याचं हाये. दहा महिने झाले, किराना बत्तीसशेत करून राहिली मी. हा शेवटचा महिना. एकतीस तारखेलोक पैसे भरले नाई तर आठ हजार वाढतात. त्या रेघा तुमच्यासाठी नाई वो. मार्चपासून हायेत."

रागिणी सरळ बसली. "दादाले माहीत हाये?"

"हाव."

"मायले?"

"त्याईनंच म्हनलं, कोनाले सांगू नोका."

परतवाड्याची गाडी लागली. कंडक्टर ओरडू लागला, माणसं बॅगा घेऊन धावली. रागिणी उठली नाही. गाडी भरली, सुटली.

"मी तिच्या पाठीत धपाटा घातला त्या दिशी," ती म्हणाली. "तुमी पायलं."

"पायलं."

"तवाच सांगाचं होतं."

"तवाच सांगाचं होतं," वच्छला म्हणाली.

मग रागिणीनं फोन चालू केला आणि तिथूनच आईला लावला. ती फार बोलली नाही. "माय, मले समजलं. उद्या ये. अन् हात हलवत येऊ नोको. वयनी उपाशी राहून मले खाऊ घालून राहिली."

दुसऱ्या दिवशी दहाच्या गाडीनं लीलाबाई आल्या. पोत्यात तुरीच्या शेंगा, भुईमुगाचे दाणे, गुळाची ढेप आणि ज्वारी. शेतात सगळं होतं. वच्छलानं कधी मागितलं नव्हतं, कारण मागितलं की विचारणं आलं, एवढी नड कशाची म्हणून, आणि थोरल्या जावेसमोर उत्तर देता आलं नसतं. लीलाबाई अंगणात शेंगा सोलत बसल्या. रागिणी समोर बसली, वच्छला दारात उभी होती. मी उठून जायला निघाले तर रागिणीच म्हणाली, बसा मॅडम.

"माय, लपवून तिचं काय बरं झालं?"

लीलाबाई शेंगा सोलत राहिल्या. "तुह्या लग्नाचं चाललं होतं तवा. घरात असं काही हाये म्हनून कळलं असतं, तर श्यामच्या घरच्याईनं पाय मांगं घेतला असता."

रागिणीच्या हातातली शेंग तशीच राहिली. हे तिला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. वच्छलाला माहीत होतं, तिच्या तोंडावरून कळत होतं. बसस्थानकावर एवढं सगळं बोलली, पण हे तिनं सांगितलं नव्हतं.

"माह्या लग्नाले तीन वर्सं झाले माय."

"झाले. मंग सांगाले तोंड नाई राह्यलं."

लीलाबाई संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. जाताना वर्षालीला समोर उभं करून, तिच्या तोंडाकडे बघत सावकाश म्हणाल्या, "येतो बाई मी."

पण महिना मोडला होता. वीस तारखेपासून वच्छलानं दूध लिटरभर केलं. बारा दिवसांचे तीनशे साठ. तेलाची एक पिशवी जास्तीची, दीडशे. बसस्थानकावरची केळी आणि दूध, तीस. पाचशे चाळीस रुपये कमी पडत होते आणि हातात अकरा दिवस.

लग्नसराई होती. एका साडीच्या फॉल-पिकोचे साठ. ठरलेल्या साड्यांवर आणखी नऊ साड्या झाल्या तर जमत होतं. वच्छला दारोदार फिरून साड्या मागून आणू लागली. रागिणी पाय पसरून भिंतीला टेकून फॉल टाचायची, वच्छला मशीनवर बसायची. रागिणीचा टाका वच्छलापेक्षा बारीक होता. दोघींत फार गप्पा होत नसत. मधूनच वच्छला म्हणायची, ताई, उठा, दूध घ्या. रागिणी म्हणायची, तुमी जेवल्या काय आधी? आणि उत्तर मिळाल्याशिवाय पेल्याला हात लावायची नाही.

एकतीस तारखेला सकाळी सगळ्या साड्या तयार होत्या. सहा जणींचे पैसे आले. राहिल्या तीन, पार्बताबाईंच्या. त्या पलीकडच्या गल्लीतल्या, मुलीच्या लग्नाची भांडी घ्यायला अकोल्याला गेलेल्या. घराला कुलूप. एकशे ऐंशी रुपयांसाठी सगळं अडलं. डॉक्टरांकडे सातपर्यंतच पैसे घेणार होते.

दुपारी योगेश आला. म्हणाला, उद्याच्या मालातले दोनशे घे.

"उद्या गाडी रिकामी गेली तर परवा काय?" वच्छला म्हणाली. "त्याले हात लावू नोका."

माझ्या पर्समध्ये पैसे होते. मी पर्स मांडीवर घेऊन बसले होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. चार वाजले, पाच वाजले. रागिणी दर दहा मिनिटांनी गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन यायची, मी ओरडले तरी ऐकेना. वर्षाली शाळेचा गणवेश न बदलता पायरीवर बसली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांची तोंडं ती वाचतच होती.

साडेपाचला पार्बताबाईंचा ऑटो आला. वच्छला साड्या घेऊन गेली, मी मागे. पार्बताबाईंनी घड्या उलगडून पाहिल्या, छान झालं म्हणाल्या आणि साड्या आत ठेवल्या.

"पैसे उद्या देतो वो. आता सुट्टे नाईत, आताच उतरली मी."

वच्छलाला मी कधी कोणाकडे मागताना पाहिलं नव्हतं. ती दारातून हलली नाही.

"मले आताच पायजेत बाई. माह्या पोरीले आयकू येत नाई. तिचं मशीन आज घ्याचं हाये."

गल्लीत उभं राहून, शेजारच्या दोन बायका ऐकत असताना, मोठ्यानं म्हणाली. पार्बताबाई क्षणभर बघत राहिल्या. मग आत गेल्या आणि दोनशेची नोट घेऊन आल्या. वच्छलानं वीस रुपये परत दिले.

सातला दहा मिनिटं कमी असताना पैसे भरले. डॉक्टरांनी दोन्ही मशीनं लावली, आवाज कमीजास्त करून बघितला. रागिणी वर्षालीच्या मागे उभी होती. तिनं हळू आवाजात हाक मारली. वर्षाली वळली. रागिणीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बराच वेळ फिरवूनच ठेवलं.

पण वर्षाली खूश नव्हती, हेही सांगायला हवं. रस्त्यावर आल्याबरोबर तिनं दोन्ही कानांवर हात दाबले. ऑटोचे भोंगे, शटर ओढल्याचा आवाज, सगळं तिला टोचत होतं. आठवडाभर ती मशीन काढून दप्तरात लपवायची. घरात त्यावरून रडारड झाली. सवय व्हायला फेब्रुवारी गेला, मार्चही निम्मा गेला.

फेब्रुवारीत वच्छलानं किराण्याचा आकडा चार हजारांवर नेला. पहिल्या दिवशी दुकानातून आली तेव्हा पिशवीत जास्तीची तूरडाळ आणि स्वतःसाठी चहापत्ती होती. दोन्ही मशीनांच्या बॅटऱ्यांचे पैसे तिनं त्याच दिवशी वेगळे काढले. त्या महिन्यात मी तिला एकही उपास करताना पाहिलं नाही.

रागिणी महिनाभरासाठी आली होती ती बाळंतपण होईपर्यंत राहिली. रक्त साडेदहावर गेलं. एप्रिलच्या शेवटी इथल्याच दवाखान्यात तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टर आले तेव्हा श्याम, लीलाबाई आणि श्यामची आई, सगळे खाटेभोवती होते. रागिणीनं सगळ्यांदेखत विचारलं, "बाळाचे कान तपासता काय? माह्या भाचीले आयकू कमी येते."

श्यामच्या आईनं लीलाबाईंकडे पाहिलं. लीलाबाईंनी नजर खाली घेतली नाही. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. दुपारी तपासणी झाली, बाळाचे कान चांगले होते.